माझं ‘एकूण’ कुणी खाल्लं?

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. ओढ्यावरच्या दगडी पुलाच्या तोंडाशी उभं राहण्यात माझा जन्म गेला. आता उभी नाही, आडवी आहे. कुठे आणि कशी, ते शेवटी सांगेन, मधेच विचारू नका. मधे बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. आणि माझ्याकडे न बघता पुढे जाणारी तर मुळीच नाहीत.

शिकलेली मी फारशी नाही. माझ्या अंगावर जेवढी अक्षरं होती तेवढीच मला येतात. पण ती पक्की येतात. ज्यांना सगळीच्या सगळी अक्षरं येतात त्यांनी माझी तेवढी वाचली असती, तर आज मला हे गाऱ्हाणं घेऊन तुमच्यासमोर बसावं लागलं नसतं.

माझं माहेर म्हणजे चांगलं मोठं वर्कशॉप. जाड पत्रा कापून मला घडवलं, पाठीला अँगलची चौकट मारली, अंगावर पांढरा रंग दिला आणि चारी कडांनी लाल पट्टा ओढला. तो पट्टा मला फार शोभायचा. माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगणारं आता उरलेलं नाही.

अक्षरं काढायच्या वेळी इंजिनियर बाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या होत्या. पूल त्यांनीच तपासला होता. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून त्या ओढ्यात उतरल्या होत्या आणि कमानीखालचे दगड एकेक करून ठोकून पाहिले होते. रंगाऱ्याने ‘वजन’ लिहायला ब्रश टेकवला, तसा त्यांनी त्याचा हात अडवला.

“आधी ‘एकूण’ लिहा. मग ‘वजन’.”

“बाई, एवढ्याशा शब्दाने काय फरक पडतोय?” रंगारी म्हणाला.

“सगळा फरक त्याच शब्दात आहे. गाडीचं स्वतःचं वजन, वरच्या मालाचं वजन, आत बसलेल्या माणसांचं वजन, हे सगळं पुलाच्या पाठीवर एकदमच येतं. पूल काही गाडी वेगळी आणि माल वेगळा असं मोजत बसत नाही.”

झालं. माझ्या अंगावर काळ्या ठसठशीत अक्षरांत उमटलं : ‘एकूण वजन १० टन’. त्यातलं ‘एकूण’ सगळ्यात आधी, कपाळावर कुंकू लावावं तसं. मी तेव्हापासून त्या शब्दाच्या जोरावर मिरवले.

मला एक धाकटी बहीणही होती. माझ्या खालच्या कडेला बिजागरीने जोडलेली छोटी फळी. तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘पावसाळ्यात जड वाहनांस बंदी’. कोरड्या दिवसांत तिला वर दुमडून माझ्या पाठीशी खिटीने अडकवायचं, आणि ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं की खाली सोडायचं, असा नियम होता. नियम कुणी गंमत म्हणून केला नव्हता. पावसाळ्यात पुलाच्या दोन्ही टोकांचा मातीचा भराव मऊ पडतो. वाहतं पाणी कमानीच्या पायाखालची माती खरवडून नेतं. उन्हाळ्यात जो पूल दहा टन हसत सोसतो, तोच ओल्या दिवसांत आजारी माणसासारखा असतो. आजाऱ्याच्या पाठीवर कुणी पोतं देतं का? माणसाच्या नाही देत. पुलाच्या देतात.

सुरुवातीची वर्षं माझी चांगली गेली, खोटं कशाला बोलू. त्या वेळचा मुकादम म्हणजे रस्त्याच्या डागडुजीवरचा मुख्य माणूस. तो पाण्याचा रंग बदलला की यायचा, खिटी काढायचा, फळी खाली सोडायचा आणि फडक्याने आम्हा दोघींची तोंडं पुसायचा. फळी सुटलेली दिसली की ट्रकवाले लांबूनच ब्रेक मारायचे. “सुटली बाबा फळी,” असं म्हणत टेकडीला वळसा घालून जायचे. मला शिव्याही द्यायचे, पण वाचून द्यायचे. वाचून दिलेली शिवी मी कधी मनाला लावून घेतली नाही.

आता माणसांबद्दल सांगते. पुलाच्या अलीकडे, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, एक मोठं घर होतं. पुढच्या अंगणात ट्रक उभे असायचे. त्या घरची मालकीण म्हणजे थोरली. नवरा गेल्यावर सगळा धंदा तिने एकटीने उचलला. पुलाच्या पलीकडे त्यांची खडीची खाण होती. ट्रक रिकामे पलीकडे जायचे आणि खडी भरून अलीकडे यायचे. थोरली अंगापिंडाने भरलेली, आवाज असा की ओढा क्षणभर गप्प व्हावा. ड्रायव्हर तिला वचकून असायचे आणि पाठीमागे तिचं कौतुकही करायचे. मला ती आवडायची. आम्ही दोघी एकाच पत्र्याच्या. फरक एवढाच, की तिचं सगळे ऐकायचे.

पलीकडे, खाणीच्या वाटेवरच्या छोट्या घरात तिची धाकटी जाऊ राहायची. धाकटीचा नवरा म्हणजे थोरलीचा दीर. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीत फिरत होता. आई नव्हती, म्हणून थोरलीनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, पुढे खाणीच्या देखरेखीवर बसवलं. केस पिकले तरी ती त्याला ‘बाळ’च म्हणायची, आणि मग सगळं गावही. त्या बाळची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्याला यंत्राला लावून रक्त साफ करून घ्यावं लागे. अलीकडच्या दवाखान्याची छोटी गाडी पूल ओलांडून त्याला न्यायची आणि आणून सोडायची. तिचं वजन ते केवढंसं! ती पावसाळ्यातही जाऊ शके. त्या गाडीला मी मनापासून वाट दिली. पूल आहे तोवर बाळ आहे, हे धाकटी रोज म्हणायची. कुणाला म्हणायची? मलाच. पूल ओलांडून अलीकडे येऊन, माझ्या खांबाला टेकून ती गाडीची वाट बघायची ना.

मग जुना मुकादम निवृत्त झाला आणि माझे भोग सुरू झाले.

नवा मुकादम आला. त्याने पहिल्या पावसाळ्यात फळी खाली सोडली, आणि ती सोडली ती सोडलीच. पाऊस संपला, ओढ्यात गोटे दिसायला लागले, धूळ उडायला लागली, तरी माझी बहीण ‘पावसाळ्यात जड वाहनांस बंदी’ म्हणत लटकलेलीच.

“अहो, फळी वर घ्या की,” धाकटी त्याला म्हणाली.

“राहू द्या हो. सारखी उघडझाप कोण करत बसणार? पुढच्या वर्षी परत सोडायचीच आहे.”

ऐकलंत? याला कामचुकारपणा म्हणतात, पण तो त्याला बिचारा बचत समजत होता. बारा महिने ओरडणाऱ्या सासूचं घरात कुणी ऐकतं का? तसं झालं आमचं. रणरणत्या उन्हात फळी पावसाळा सांगते म्हटल्यावर ट्रकवाले हसायला लागले. उन्हाळ्यात हसायची सवय लागली, ती पावसाळ्यातही गेली नाही.

आणि तो ‘जड’ शब्द! त्याने तर माझा जीव खाल्ला. प्रत्येक जण थांबायचा, वाचायचा आणि म्हणायचा, “हे आपल्यासाठी नाही, हे त्या मोठ्या गाड्यांसाठी आहे.” मोठी गाडीवाला म्हणायचा, “हे त्या दहा चाकीवाल्यांना.” दहा चाकीवाला म्हणायचा, “हे भरलेल्यांना, मी रिकामा आहे.” परत येताना भरून यायचा, तेव्हा म्हणायचा, “मघाशी गेलो तेव्हा काय झालं?” मित्रांनो, इतक्या वर्षांत स्वतःची गाडी जड आहे असं म्हणणारा मला एक माणूस भेटला नाही. जड म्हणजे कायम दुसऱ्याची.

बरं, वाचायला तरी मोकळी ठेवायची! माझ्या तोंडावर जाहिराती चिकटवल्या. कुणाची शिकवणी, कुणाचं टक्कल घालवणारं तेल. धाकटी ओढ्यावर धुतलेल्या चादरी माझ्यावर वाळत घालायची. तिला मी माफ केलं, कारण पाऊस येण्याआधी ती त्या काढून न्यायची. टक्कलवाल्याला नाही केलं.

शेवटी माझा रंग उडाला आणि रस्त्यांच्या ऑफिसने नवा रंगारी पाठवला. उमदा गडी. अक्षराला झोकदार वळण देणारा, दुकानांच्या पाट्या रंगवून हात बसलेला. त्याने मला आधी नखशिखांत पांढरी केली. मग मुकादमाने सांगितलेला मजकूर लिहायला घेतला. ‘व’ असा काढला, की जणू मोर. ‘ज’ला शेपूट. आकडा तर असा गरगरीत, की बघत राहावं. आणि एवढं सगळं केल्यावर त्याच्या लक्षात आलं, की डाव्या बाजूला जागा उरली नाही.

“मुकादम, ‘एकूण’ मावत नाही.”

मुकादम खांबाला टेकून दात कोरत होता. “नसू दे मग. वजन म्हणजे वजन. त्यात आणि एकूण काय असतंय?”

“परत पांढरा मारू का?”

“छे! एवढी सुंदर अक्षरं पुसायची?”

आणि त्या दोघांनी मिळून, सुंदर दिसावं म्हणून, माझ्या कपाळावरचा शब्द खाल्ला. नुसतं ‘वजन १० टन’ राहिलं. येणारेजाणारे म्हणाले, काय छान दिसते पाटी! मी आतून पेटले होते. बाईला दागिने घालायचे आणि तिची जीभ कापायची, त्यातलाच हा प्रकार.

त्याचा परिणाम काय झाला, तो ऐका. पावसाळ्याआधी एक तपासनीस आला. थोरलीचा भरलेला ट्रक त्याने पुलापलीकडे अडवला, ड्रायव्हरने अलीकडे निरोप धाडला, आणि थोरली पदर खोचून पूल ओलांडून गेली. दोन मिनिटांत त्याला घेऊन माझ्यासमोर हजर.

“वाचा,” ती म्हणाली. “मला जेमतेम वाचता येतं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच वाचा.”

“वजन दहा टन.”

“माझ्या ट्रकात खडी किती आहे?”

“दहा टन.”

“मग?”

“अहो बाई, पण ट्रकचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. रिकामा ट्रकच सात टनांचा आहे.”

“ट्रक काय मी वजनावर विकायला काढलाय? ट्रकचं धरायचं म्हणून कुठे लिहिलंय, ते बोट ठेवून दाखवा. मग ड्रायव्हरचं धरा, त्याच्या डब्याचं धरा, माझ्या जिभेचं धरा.”

बघे हसले. तपासनीस माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या त्या गुळगुळीत पांढऱ्या रंगाखाली ‘एकूण’ तसंच होतं हो! फक्त दिसत नव्हतं. मला ओरडता आलं असतं, तर पुलापलीकडे ऐकू गेलं असतं. त्याने पाटी दुरुस्त करायला कळवतो म्हटलं, आणि गेला. कळवलं की नाही, देव जाणे. माझ्यापर्यंत ब्रश काही आला नाही.

त्यानंतर धाकटीने एकदा धीर केला. थोरली अंगणात टायर मोजून घेत होती. धाकटी मला वळसा घालून तिच्याकडे गेली. त्या दोघींचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

“जाऊबाई, पावसाळ्यापुरते तरी ट्रक वळशाने न्या. कमानीतून माती गळायला लागलीय. मी रोज बघते.”

“वळशाने न्यायचे म्हणजे दिवसाची एक खेप. धंदा बंद करून बसू?”

“पूल गेला तर यांची गाडी कशी येईल?”

थोरली गर्रकन वळली. “हे बघ धाकटे, तू मला बाळची काळजी शिकवू नकोस. तू लग्न करून आलीस, तेव्हा तो पंचविशीचा तयार नवरा मिळाला तुला. त्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसलाय. माझ्या ट्रकने त्याचं वाईट होईल असं तुला वाटतंच कसं?”

“मला तसं म्हणायचं नाही हो…”

“मग काय म्हणायचंय? पाटीवर दहा लिहिलंय, मी दहा भरते. तेवढ्याने काय होतंय?”

‘तेवढ्याने काय होतंय.’ मित्रांनो, या वाक्याची मला इतकी चीड आहे, की ऐकलं तरी माझे स्क्रू सैल होतात. थोरलीचं त्या दीरावर प्रेम नव्हतं असं नाही. भरपूर होतं. पण प्रेम एका बाजूला आणि खडी दुसऱ्या बाजूला, असं ती वेगवेगळं मोजत होती. दोन्ही त्याच पुलावरून जातात हे तिच्या हिशेबात नव्हतं. तिचंही ‘एकूण’ कुणीतरी खाल्लं होतं.

पावसाळा लागला. ओढा तांबडा झाला, मग फुगला. माझी बहीण खाली लटकलेलीच होती. खऱ्या पावसाळ्यातही ती तेच सांगत होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. एका सकाळी थोरलीचा ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन माझ्यापाशी थांबला. खाली उतरून त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि अंगणाकडे बघून हाक मारली, “मालकीणबाई, पाणी कमानीला भिडलंय. आज राहू द्यायचं का?”

“कालची खेप गेली ना?”

“गेली.”

“मग आजची जाईल. मुहूर्त काढतोस का काय?”

तो गेला. रिकामा ट्रक गेला, तेव्हाच माझ्या खांबाला हादरा जाणवला. तो परत यायला निघाला, तेव्हा भरलेला होता. पुलाच्या मधोमध आला आणि खालून असा आवाज आला, जसा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यातून यावा, पण शंभर पट. एका बाजूचा कठडा ओढ्यात गेला. मागचं चाक रस्त्यात रुतलं, ट्रक कलला आणि तसाच थांबला. ड्रायव्हर दार उघडून उडी मारून अलीकडे धावत आला. त्याला खरचटलंदेखील नाही, एवढं नशीब.

आणि ट्रकच्या मागे, पलीकडच्या टोकाला, दवाखान्याची छोटी गाडी उभी होती. त्या दिवशी बाळची यंत्रावर जायची पाळी होती.

थोरली अनवाणी धावत आली. पुलावर पाऊल टाकणार, तेवढ्यात ड्रायव्हरने आणि आणखी दोघांनी तिला धरलं. मालकिणीच्या दंडाला धरायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल.

“सोडा मला! बाळ आहे तिकडे!”

“मालकीणबाई, अजून एक माणूसही नको आता पुलावर.”

पलीकडून धाकटी ओरडली, “जाऊबाई, यांना दम लागलाय! कसं न्यायचं?”

थोरलीने माझा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून बाळ बाहेर वाकला. आवाज क्षीण होता, पण पाण्यावरून आला.

“वहिनी! तुम्ही पुलावर येऊ नका हं!”

स्वतःला धड बसवत नव्हतं आणि तो तिची काळजी करत होता. मग गाडी मागे वळली आणि टेकडीच्या लांबच्या वाटेने गेली. तीच वळशाची वाट, जिने ट्रक जायला हवे होते.

बाळ वाचला. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तोंडं पाडाल. पण पोचायला फार उशीर झाला होता. त्याला बरेच दिवस दवाखान्यात ठेवलं, आणि परत आला तो चाकाच्या खुर्चीत. पायांतली ताकद पार गेली.

पूल बंद झाला. लोक यायचे, बघायचे, हळहळायचे आणि म्हणायचे, “पूल अचानक गेला हो!” अचानक! मी तिथे वर्षानुवर्षं अंगावर लिहून उभी होते. त्याला अचानक म्हणतात? ऑफिसची माणसं आली. मुकादम म्हणाला, “आम्ही फळी तर बारा महिने खालीच ठेवली होती.” रंगारी म्हणाला, मुकादमाने सांगितलं तेच लिहिलं. थोरलीच्या ड्रायव्हरने सांगितलं, पाटीवर ट्रकचं वजन धरा असं नव्हतं. फिरून फिरून सगळ्यांची बोटं माझ्याकडे. पाटी स्पष्ट नव्हती म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्पष्टच होते! मला अस्पष्ट केलं ते कुणी?

रस्त्यावर मातीचा ढीग टाकला, त्यावर चकचकीत नवी पाटी रोवली, ‘पूल बंद’. तिच्यावर फार कमी अक्षरं आहेत, म्हणून तिचं सगळे ऐकतात. मला खांबासकट उपटून बाजूला फेकलं. माझी बहीण बिजागरीतून निसटली आणि ओढ्यात गेली. जाताना तिच्यावरचं ‘बंदी’ तेवढं मला दिसलं. कुणी साधं हळहळलंही नाही. फळीच ती.

मी चिखलात पडून होते. एक दिवस थोरलीचा ड्रायव्हर आला, मला पलटून बघितलं आणि म्हणाला, “पत्रा चांगला जाड आहे, कामाला येईल.” त्याने मला उचललं आणि मालकिणीच्या दाराशी आणलं. दारापुढून एक उघडं गटार जातं. त्यावर मला आडवं टाकलं. मित्रांनो, आता कळलं मी कुठे आहे ते? आयुष्यभर पुलाचं वजन सांगत उभी राहिलेली मी, म्हातारपणी स्वतःच पूल झाले. आणि माझ्यावर किती वजन चालेल, ते सांगणारी पाटी कुणी लावली नाही.

सगळे माझ्यावरून जातात. दूधवाला सायकलसकट जातो. कुणी सिलिंडर आपटतो. ड्रायव्हर दोन टायर एकदम लोळवत नेतो. माझ्या मधोमध आता खळगा पडलाय. एकानेही कधी थांबून विचारलं नाही.

पूल गेल्यावर धाकटी आणि बाळ थोरलीकडेच राहायला आले होते. दवाखाना अलीकडे, म्हणून. दोघी जावा एका घरात आल्या, आणि मला वाटलं, आता रोज भांडणं ऐकायला मिळतील. पण थोरली बोलायचीच बंद झाली होती. ट्रक वळशाने जायचे, दिवसाची एकच खेप. पुलाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. धाकटीने तिला कधी टोचून बोलावं, तर तेही नाही. न बोललेलंच त्या घरात सगळ्यात जड होऊन बसलं होतं.

परवा दुपारची गोष्ट. दवाखान्यातून तिघं आली. खुर्चीत बाळ, त्याच्या मांडीवर औषधांची आणि फळांची पिशवी. धाकटी पुढून खुर्ची ओढत होती, थोरली मागून ढकलत होती. पुढची चाकं माझ्यावर आली. मी कुरकुरले. रोजच कुरकुरते, रोजच कुणी ऐकत नाही. पण त्या दिवशी थोरली थबकली.

“थांब गं.”

“काय झालं, जाऊबाई?”

थोरली खाली बघत होती. तुम्हाला सांगते, एवढ्या पायांखाली घासून घासून त्या रंगाऱ्याचे मोर आणि शेपट्या पार उडाल्या होत्या. त्यांच्या खालची जुनी, काळी, साधी अक्षरं वर आली होती. थोरली कमरेवर हात ठेवून वाकली आणि अक्षराला अक्षर लावत वाचू लागली.

“ए… कू… ण.” मग पुन्हा, सलग, “एकूण.” तिने मान वर केली. “धाकटे, ही पुलावरचीच का गं?”

“तीच की. इतके दिवस तुमच्या दारातच आहे.”

“हा शब्द होता हिच्यावर?”

“आधी होता. मी लग्न होऊन आले तेव्हा होता.”

थोरलीने खुर्चीकडे पाहिलं, दीराकडे पाहिलं, आणि बोटावर मोजल्यासारखं हळूहळू म्हणाली, “खुर्ची. वर हा. मांडीवर पिशवी. आणि मागून मी.”

“वहिनी,” बाळ म्हणाला, “तुम्हाला धरलं तर पाटीच काय, गटारही आत जाईल.”

धाकटीने पटकन तोंडाला पदर लावला. एरवी थोरलीने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी तिने डोळे पुसले आणि हसली. “मला धरायचंच राहिलं होतं रे बाळ,” ती म्हणाली. मग पिशवी उचलून स्वतःकडे घेतली, खुर्चीची मूठ सोडली आणि दोन पावलं मागे रस्त्यावर जाऊन उभी राहिली. “आधी त्याला एकट्याला ने. सावकाश.”

धाकटीने खुर्ची ओढून नेली. मी सोसलं. मग थोरली काठाशी आली. भिंतीला हात टेकवला, एक पाय पुढे केला आणि तसाच हवेत धरून विचारलं,

“धरेल का गं ही मला?”

मित्रांनो, माझ्या उभ्या आणि आडव्या जन्मात माझ्यावरून जाण्याआधी हे विचारणारं ते पहिलं माणूस. मी पाठ ताठ केली. खळगा पडलेली, गंजलेली पाठ, पण केली. आणि तिला पार नेलं.

उद्या ड्रायव्हर माझ्याखाली दोन जाड कांबी टाकणार आहे, तिने सांगितलंय. एका म्हाताऱ्या पाटीला आणखी काय हवं? पण माझा राग गेला असं समजू नका. तो जाणार नाही. तुमच्या वाटेत माझ्यासारखी एखादी उभी असेल, तर तिच्यापुढे थांबा, तिच्यावरचं तेल आणि शिकवणी फाडून काढा, आणि सगळं वाचा, पहिल्या शब्दापासून. पावसाळ्यासाठी वेगळं काही लिहिलं असेल, तर ते पावसाळ्यात पाळा. ‘जड’ वाचलंत की शेजारच्या गाडीकडे बघू नका. आणि एकूण करायला बसाल, तेव्हा स्वतःला त्यात आधी धरा.